उंच, शिकलेली, शाकाहारी शेळी

जवळा बाजार,
मंगळवार, सकाळ

ती. रतनसिंग दाजी यांस,

जगनचा खताच्या दुकानाच्या माडीवरून वाकून नमस्कार आणि जय सेवालाल. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्हीही असालच, कारण नसता तर मिनाअक्काचा फोन आला असता आणि त्यात दोष माझाच निघाला असता. गुडघा कसा आहे? आई रोज विचारते. (तिच्या मते गुडघा हा आजार न्हाईच, पुण्यात माणसं फरशीवर चालतात त्याचा तो परिणाम आहे. महिनाभर तांड्यावर येऊन मातीत चाला, असा तिचा निरोप आहे. मी फक्त पोचवून राहिलो.) अक्काचं बीपी, तुमची झोप, दोन्ही लेकरांचा अभ्यास, सगळं बराबर असेल असं धरून चालतो आणि विषयाकडं येतो.

दिवाळीत तुम्ही चार माणसांत मला विचारलं होतं की जगन, तू दिवसभर त्या माडीवर बसून नेमकं करतोस काय. मी तेव्हा 'डिजिटल' असं उत्तर दिलं आणि तुम्ही नुसती मान हलवली. उत्तर अपुरं होतं, हे मला मान्य आहे. तर ऐका. मी लोकांना वेबसाइट करून देतो. वेबसाइट म्हणजे दुकान समजा. दुकानात किती माणसं आली, कुठल्या गावची होती, किती वेळ थांबली, काय मागत होती, हे मोजून ठेवणारं एक खातं असतं, त्याला ॲनालिटिक्स म्हणतात. ते खातं माझ्याकडं असतं. गिऱ्हाइकाला ते उघडून दाखवलं तर त्याला घेरी येते, म्हणून त्यातले मोजके आकडे एका सोप्या पानावर मांडून द्यायचे. ते पान म्हणजे डॅशबोर्ड. खातं डॅशबोर्डला एकदा जोडलं की आकडे आपोआप येत राहतात, नळाला पाइप जोडल्यासारखे. (पाइप कोणत्या नळाला जोडला, हे आपलं आपण बघायचं असतं. ते कोणी सांगत न्हाई.)

माझी दोन गिऱ्हाइकं मला सारखे आकडे मागायची. एक शिरड शहापूरचे मसाजी. वय बासष्ट, जन्म शेळ्या-मेंढ्यांत गेलेला. त्यांच्या सुनेनं, मोहिनीनं, हट्ट धरला म्हणून उस्मानाबादी शेळ्यांच्या विक्रीची साइट मी त्यांना करून दिली. बाजाराच्या दिवशी मसाजी माडी चढून यायचे, पायताण दाराशी काढायचे, खुर्ची सोडून जमिनीवर बसायचे आणि विचारायचे, "आज कोन आलं व्हतं का आपल्या शेळ्या बघाया?" दुसऱ्या हिंगोलीच्या सत्यभामाबाई. त्यांचं वधू-वर सूचक केंद्र आहे आणि ते जोरात चालतं. त्या माडी चढत न्हाईत, फोन करतात आणि पहिल्या वाक्यापासूनच चिडलेल्या असतात. दोघांची तकलीफ एकदम मिटावी म्हणून मी ठरवलं की दोघांनाही डॅशबोर्ड जोडून द्यायचे.

जोडायचं काम दिसतं सोपं. आधी तो डॅशबोर्ड विचारतो, तुम्ही कोण. मग विचारतो, खरंच तुम्हीच का. मग मोबाइलवर आकडा पाठवतो आणि तो आकडा मलाच विचारतो. एवढी चौकशी आपल्याकडं सोयरीक जमवताना सुद्धा होत न्हाई. शेवटी तो म्हणतो, कोणतं खातं जोडू ते निवडा, आणि यादी दाखवतो. आता ही खाती उघडताना मी त्यांना नीट नावं द्यायला पाहिजे होती. मी 'नवीन १' आणि 'नवीन २' अशी दिली होती. (तुम्ही तुमच्या दोन्ही लेकरांची नावं ठेवताना असं केलं असतं का? न्हाई. मला कळतं ते.) मी 'नवीन १' मसाजींना जोडलं आणि 'नवीन २' सत्यभामाबाईंना. पानांच्या माथ्यावर त्यांची त्यांची नावं मीच टाईप केली होती, त्यामुळं बघताना सगळं बराबर वाटलं.

पुढच्या बाजाराला मसाजींच्या मोबाइलवर मी ते पान उघडून दिलं. काल आलेली माणसं: अठराशे सेहेचाळीस. त्यातली निम्म्याहून जास्त पुण्याची. वय पंचवीस ते चौतीस. प्रत्येक जण सरासरी चार मिनिटं थांबलेला. मसाजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "चार मिनिटं? बाजारात मानूस शेळीचे दात बी येवढा वेळ बघत न्हाई." मला खरं तर तिथंच शंका यायला पाहिजे होती. पण दाजी, आपण केलेल्या कामाला एवढं यश आलेलं दिसलं की शंका घ्यायला कोणाला सुचतं? मी म्हणालो, ही डिजिटलची ताकद आहे.

खाली एक चौकट असते. साइटवर येऊन लोकांनी काय शोधलं, ते शब्द तिच्यात येतात. मसाजींच्या चौकटीत पहिले चार शब्द होते: उंच, गोरी, शिकलेली, शाकाहारी. मसाजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. उंच ठीक आहे, म्हणाले. उस्मानाबादी शेळी काळी असते, पण कपाळावर पांढरं असलेल्या दोन आहेत, त्या पुढं करू. शाकाहारीचा प्रश्नच न्हाई, कोणती शेळी मटण खाते? पण शिकलेली? यावर आम्ही दोघांनी पाऊण तास विचार केला. (हा वेळ मी बिलात लावलेला न्हाई.) शेवटी त्यांनीच उलगडा केला की शहरातल्या माणसाला धावपळ जमत न्हाई, तर हाक मारली की येणारी, दाव्याला हिसका न मारणारी, म्हणजे माणसाळलेली शेळी पाहिजे असणार. मी म्हणालो, असंच असेल. दाजी, ज्याला कॉम्प्युटर येतो त्यानं ज्याला येत न्हाई त्याच्यासमोर 'मला ठाऊक न्हाई' म्हणणं फार अवघड असतं.

तिकडं सत्यभामाबाईंचा आकडा होता अकरा. सगळ्या महाराष्ट्रातून अकरा माणसं. पहिल्या दिवशी त्यांनी फोन केला, दुसऱ्या दिवशी केला न्हाई, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या छत्री घेऊन स्वतः गावोगाव फिरू लागल्या. साखरा गावापासून आमच्या तांड्यापर्यंत एक घर सोडलं न्हाई. महिन्याभरात तीन सोयरिकी जमवल्या. मात्र रोज संध्याकाळी घरी येऊन त्या पान उघडायच्या. एक दिवस त्यांच्या चौकटीत शब्द आले: 'वजन किती', 'दात किती झाले', आणि 'जोडी घेतल्यास भाव कमी होईल का'.

त्या दिवशी मात्र त्या माडी चढल्या.

"ज्यांच्या लेकी माझ्या भरवशावर हायेत, त्यांना मी काय सांगू?" असं म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "हे कोन इचारून राहिलं, त्याचं नाव-गाव मला पाहिजे. आत्ता." मी म्हणालो की यंत्रात काही बिघाड असेल. शिला चहा घेऊन वर आली होती. (लग्नाला सतरा वर्षं झाली, माझ्या कामाकडं तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.) तिनं बाईंच्या हातातला मोबाइल पाहिला, माझ्या कॉम्प्युटरवर मसाजींचं पान उघडं होतं ते पाहिलं, आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, शेळ्यांना नवरे बघून राहिले का तुमी?" एवढंच. मग खाली निघून गेली.

नळ बदलायला मला दीड मिनिट लागलं. सत्यभामाबाईंच्या पानावर अठराशेच्या वर माणसं आली. बाईंनी तो आकडा दोनदा वाचला, छत्री उचलली आणि जिना उतरल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मसाजींचा आकडा झाला अकरा. त्यातले नऊ जण म्हणजे मीच. साइट चालू आहे का, ते मी अधूनमधून बघत असतो.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढून शिरड शहापूरला गेलो. खरं सांगायचं, माफी मागायची आणि परत यायचं, असं वाटेत पाठ करून ठेवलं होतं. पण तिथं गेलो तर अंगणात चौदा शेळ्या धुऊनपुसून रांगेत बांधलेल्या. खुरं साफ केलेली. मसाजींनी मला बघितलं आणि एकीला सोडून "ये ग सुंदरे" अशी हाक मारली, तर ती लांबून चालत येऊन त्यांच्यापाशी उभी राहिली. महिनाभर रोज सकाळी ते त्यांना शिकवत होते. नेहमीचा व्यापारी दोनदा येऊन गेला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं होतं. मी म्हणालो, मसाजीबाबा, तुमच्या आकड्यात थोडा फरक पडलाय. ते म्हणाले, "बघितला की सकाळी. अकराच दाखवून राहिलं. बराबर हाय. समद्यांचं बघून झालं, आता ते मालाची वाट बघून राहिले."

मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. तेवढ्यात मोहिनीनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन तिसऱ्यांदा उघडणार, तर मसाजी ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "जगनराव, चाळीस वर्सं मी बाजारात शेळी धरून उभा राह्यलो. समोरचा म्हनायचा, काय द्यायचं. मी म्हनायचो, तुमी म्हनाल ते. ह्या महिन्यात व्यापारी आला, तवा भाव मी सांगितला. तो गेला निघून. जाऊ दे. पन सांगितला मी."

वाटेत पाठ केलेलं तसंच राहिलं. मोहिनीला मात्र गोठ्यामागं गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला आकडा बघूनच वाटलं व्हतं. पन मामंजी भाकरी दोन घास जास्त खाऊन राहिले व्हते, म्हनून गप बसले." म्हणजे खरं माहीत असलेली माणसं वाढत होती आणि सांगणारं कोणीच नव्हतं. निघताना मसाजींनी विचारलं, पुण्यात तुमचं कोणी आहे का. मी म्हणालो, आहेत.

बाकी इकडचं विशेष काही न्हाई. अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
जगन

ता. क. हे पत्र तुमच्या हातात देणारे गृहस्थ तेच मसाजी. शेळ्या खाली पिकअपमध्ये आहेत. चौदा आहेत, पण शिकलेल्या आहेत, फार आवाज करणार न्हाईत. फोन मुद्दाम केला न्हाई, कारण फोनवर तुम्ही 'न्हाई' म्हणाला असता आणि ते ऐकून मला वाईट वाटलं असतं. विनंती अशी की त्यांना आधी जेवायला घाला आणि मग मला जे सांगता आलं न्हाई, ते तुम्ही सांगा. तुम्ही वयानं मोठे आहात, शिवाय तुम्ही त्यांना पुन्हा कधी भेटणार न्हाई. मला दर बाजाराला भेटायचं आहे.

ता. क. दुसरा. पिकअपच्या पुढच्या सीटवर सत्यभामाबाई आहेत. पुण्यातली नऊशे-हजार माणसं आपली साइट बघतात आणि जुळवून कोणीच घेत न्हाई, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष गाठलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आहे. अक्काला सांगा, बाई चहा बिनसाखरेचा घेतात. तुमच्या धाकट्या भावाचं लग्न व्हायचं आहे, हे मी त्यांना बोललो न्हाई. शिला बोलली.

ता. क. तिसरा. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा फोडून लिहितो. गाडी सुरू व्हायच्या आधीच बाईंनी मसाजींना सगळं सांगून टाकलं. मी खाली धावत गेलो आणि म्हणालो, मसाजीबाबा, चूक माझी आहे, मी भाडं देतो, शेळ्या उतरवून घेऊ. मसाजींनी एका शेळीचं दावं सारखं केलं. मग त्यांनी विचारलं, "त्या अकरा जनांत पुन्याचा एक बी न्हाई का?" मी वर जाऊन बघितलं. एक आहे. चौदा सेकंद थांबलेला. ते तुम्हीच दाजी, कारण पुण्यात साइटचा पत्ता मी फक्त तुम्हालाच पाठवला होता. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग झालं तर. एक हाय ना? शेळ्या धुऊन झाल्यात, त्याला दाखवून येतो."

तेव्हा वरची विनंती रद्द समजा. त्यांना सगळं ठाऊक आहे आणि ते तुमच्याकडंच येऊन राहिले आहेत. भाव ते सांगतील. लगेच 'फार होतात' म्हणू नका. जरा वेळ विचार करून राहिल्यासारखं दाखवा.