नळातला न

३ नोव्हेंबर, सोमवार
वडनेरहून देवळीला आलो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. प्रभाकरकाकांच्या कापड दुकानात काम आणि त्यांच्याच घरी मागची खोली. दहावीला दोनदा नापास झालो, हे आधीच सांगून टाकले. काकांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, देवेंद्र, एवढं शुद्ध त आमचे मास्तरबी नाई लिहीत. फार बरे वाटले.

बैठकीत माशांची काचपेटी आहे. पाणी इतके हिरवे, की चार मासे मोजायला पाच मिनिटे लागली. पेटी त्यांच्या मुलीची, स्वरदाची. आठ वर्षांची होती, मागच्या चैत्रात गेली. काका हळूच म्हणाले, साफ करून देजो बा, तुही काकू दिवसभर त्यातच पाहत राह्यते.

४ नोव्हेंबर
वर्ध्याच्या मासेवाल्याला फोन केला. हिरवे पाणी म्हणजे बारीक शेवाळ. ऊन लागते आणि खाणे जास्त पडते म्हणून वाढते. सगळे पाणी एकदम बदलू नये, मासे मरतात. रोज चौथा हिस्सा काढायचा आणि बादलीत दिवसभर ठेवलेले पाणी घालायचे. खिडकीला जाड चादर लावली. काच आतून पुसली.

६ नोव्हेंबर
पाणी उजळते आहे. पण परवा पुसलेल्या काचेवर सकाळी पुन्हा शेवाळ, आणि आतल्या बाजूने, बोटाने लिहावे तसे: पानी दे.
एवढी ढळढळीत चूक मला पाहवली नाही. हात आत घालून न पुसला आणि नखाने ण काढला. पाणी वर कोमट होते. खाली फार गार.

७ नोव्हेंबर
काकूंना सांगितले. त्या जमिनीवरच बसल्या आणि सांगू लागल्या. दवाखान्यात स्वरदाच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हते. पाण्याचा थेंबही देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. ती पाटीवर लिहायची: पानी दे. दोन दिवस लिहीत होती. काकू तांब्या धरून उभ्या राहिल्या आणि दिले नाही.
आज त्यांनी तांब्याभर पाणी पेटीत ओतले. मग पोटभर जेवल्या. काका म्हणाले, तू आता इथंच राह्य.

९ नोव्हेंबर
काचेवर पुन्हा अक्षरे. या वेळी शुद्ध: पाणी दे.
काकू तांब्या घेऊन आल्या, वाचले, आणि तांब्या खाली ठेवला. म्हणाल्या, हे माही पोरगी नाई. थे नळातलाच न लिहे. मास्तरीण कान पिरगाळे तरी नळातलाच. बाणातला ण तिले कधी जमलाच नाई.
मग मला विचारले, तुनं कोणाले शिकवलं रे?
मी म्हणालो, एकच अक्षर तर सुधारले. त्यांनी बजावले, आता पेटीत एक थेंब घालायचा नाही.

१० नोव्हेंबर
सकाळपासून घशाला कोरड. अर्धा माठ संपवला, कोरड जात नाही. पेटीत पुन्हा सगळे हिरवे.

११ नोव्हेंबर
काकांनी हाक मारली. ओ देता आली नाही. आवाजच नाही. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे.
पेटीतले पाणी आज आरपार स्वच्छ. कोणी बदलले नाही. चारही मासे लख्ख दिसतात.
माझी थुंकी हिरवी आली.

१२ नोव्हेंबर
माझ्या हाताने प्यायलेले पाणी ओठांवरूनच परत येते. काकांनी चमच्याने पाजले, तेवढे उतरले. दुसऱ्याने दिले तरच — असे का, कळत नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ
काका हिंगणघाटला गेले. उद्या येतील. उद्यापर्यंत मी — घरी फक्त काकू. पाटी मागून घेतली. लिहिले: काकू, पाणी द्या. त्या तांब्या घेऊन आल्या. वाचले. ण वर बोट ठेवले.
तांब्या मागे नेला.

दुपार
दारात बसल्या आहेत. तांब्या मांडीवर. म्हणतात, माही असशील त तसं लिहून दाखव.
एक अक्षर. चुकीचे लिहिले की पाणी मिळेल. पण मग मी देवेंद्र कसा — मग काकू माझ्या कोण —

जीभ हलत नाही. तीनदा ण लिहिला. हात आपोआप —
त्या वाट पाहत आहेत. रागाने नाही. मायेने.

पाटी घेतली. काकू नको. तो शब्द पुसला.

आई, पा