काम चालू आहे

९ जानेवारी १९६५, खामगाव

पोहोचलो एकदाचा! जलंबला गाडी बदलून खामगावच्या छोट्या गाडीत बसलो, तर समोरच्या बाईंनी ओळख ना पाळख, हातावर हुरडाच ठेवला. माणसे चांगली दिसतात. हायस्कुलात भूगोल शिकवायचा आहे आणि राहायला स्वतंत्र घर मिळाले आहे. आता शैलजाला लवकर आणता येईल. तिला पाचवा महिना लागला. पुण्यात दादाच्या दीड खोलीत ती बिचारी उंबऱ्याशी निजते आणि दिवसभर वहिनींचे टोमणे ऐकते. तिला हक्काचे घर द्यायचे, एवढ्यासाठी तर मी इतक्या लांब आलो.

घर जवळच्या उंद्री गावच्या शेषराव पाटलांचे. तीन खोल्या, दगडी पाया, अंगणात विहीर. जरा अपुरे आहे, एवढेच. गिलावा नाही, खिडक्यांना दारे नाहीत, मागच्या भिंतीत माणूस जाईल एवढे भगदाड आहे. मधल्या खोलीत तुळईला दोरीने गवंड्याचा लोखंडी ओळंबा लोंबतोय, तो येता-जाता टाळक्यात बसतो. शेषराव म्हणाले, काम चालू आहे. ठीक आहे, महिनाभर कळ काढू.

१६ जानेवारी

अख्खी गल्लीच अर्धवट आहे! कुणाच्या जिन्याला वर मजला नाही, तर कुणाच्या मजल्याला जिना नाही. विचारावे तर उत्तर ठरलेले, काम चालू आहे. कधीपासून? तर म्हणे बापाच्या वेळेपासून. काँगोत यादवी पेटली आहे, पण तिथल्या झोपडीच्याही डोक्यावर छप्पर असते. तिबेटातल्या मेंढपाळाच्या तंबूला चारी बाजू असतात. अबिसीनियाचे तर बोलायलाच नको, तिथे म्हणे दगड कोरून देवळे करतात. हे सगळे मी आज शिक्षकांच्या खोलीत सुनावले. गणिताचे रामराव सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "काँगोत कधी गेलते तुमी?" सगळे हसले. इथे येण्याआधी मी लोणावळ्यापलीकडे कुठे गेलो नव्हतो हे खरे, पण मला नकाशा वाचता येतो!

२८ जानेवारी

गल्लीबद्दल नगरपालिकेच्या कचेरीत तक्रारअर्ज दिला. काँगो, तिबेट सगळे त्यात घातले. कारकुनाने गल्लीचे नाव वाचले आणि अर्ज परत माझ्या हातात दिला.

शेजारच्या वच्छलाबाईंना हे कुणीतरी सांगितले. त्या तडक घरी आल्या. या गल्लीत घर पुरे करत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक घरात ओळंबा टांगलेला असतो. तो आहे तोवर काम चालू, आणि काम चालू तोवर घर गप्प बसते. "मास्तर, पुरं झालं म्हनू नका कधी. पुरं झालेलं घर मानूस ठेवून घेते." मी त्यांना हसून चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही. शैलजाचे पत्र आले आहे, वहिनींनी तिचे अंथरूण आता ओसरीवर घातले आहे. मला फार वाईट वाटले आणि या अडाणीपणाचा संतापही आला.

८ फेब्रुवारी, रथसप्तमी

आज मी ठरवूनच केले. आई रथसप्तमीला बोळक्यात दूध उतू घालवायची. या गल्लीत दूध अंगणात तापवतात खरे, पण वर आले की झटकन उतरवतात, उतू म्हणून जाऊ देत नाहीत. मी ओळंबा काढला, भंगारवाल्याला देऊन टाकला आणि मधल्या खोलीत, भगदाडातून ऊन येते तिथे, गोवऱ्या पेटवल्या. दूध चहूबाजूंनी उतू गेले. घरभरणी झाली, वास्तू पूर्ण झाली, आता सुखाने नांदू, असे मोठ्याने म्हणालो.

वच्छलाबाई भगदाडातून बघत होत्या. "काऊन उतरवला हो ओळंबा तुमी!" एवढेच त्या ओरडल्या आणि पळत सुटल्या.

१२ फेब्रुवारी

शाळेतून येतो तो पुढच्या भिंतीला गिलावा! चुना अजून ओला आहे. अर्जाचे ऐकून शेषरावांना लाज वाटलेली दिसते. जरा कान टोचले की कामे होतात. लगेच शैलजाला लिहिले, घर झाले, पुढच्या रविवारी, २१ तारखेला नीघ. २२ला, सोमवारी सकाळी ती इथे असेल!

१६ फेब्रुवारी

खिडक्यांना दारे बसली. भगदाड बुजले. कोण येऊन काम करते ते काही दिसत नाही. मी दुपारी दोन तास बाहेर होतो, तेवढ्यात हे झाले.

शेषरावांचा निरोप आला, "म्या कोनालेच धाडलं नाही. निघता येत असन तर आजच निघा."

गिलावा सुकतच नाही. हात लावला तर तापलेल्या पोराच्या कपाळासारखा लागतो. मला भीती वाटते आहे. लिहायला हरकत नाही, इथे वाचणारे कोण आहे.

१७ फेब्रुवारी

रामरावांकडे राहायला जायचे आणि शाळा सुटल्यावर शैलजाला येऊ नको म्हणून तार करायची, असे ठरवले. ट्रंक घेऊन शाळेत गेलो, वर्ग घेतला. तास संपला, वर्गाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले, आणि मधल्या खोलीत उभा होतो. हातात खडू तसाच, काखेत ही वही.

पुढचे दार उघडले. पलीकडे मधली खोली. मागचे उघडले— मधली खोली.

१८ फेब्रुवारी

खिडकी विटांनी भरत आली आहे. फट उरली आहे. वच्छलाबाई विहिरीवर आल्या होत्या. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले— भिंतीकडे पाहिले— आणि हात जोडले. गेलेल्या माणसाला जोडतात तसे.

"येऊ नकोस" एवढीच तार लिहून कागद फटीतून ढकलला. कागद आत, पायाशी पडला. पुन्हा ढकलला. पुन्हा आत.

२० फेब्रुवारी

दारे गेली. सगळीकडे गिलावा. पाण्याला चुन्याची चव. चौफेर उघडी असलेली ती काँगोतली झोपडी— कुठे मिळाली तर—

२१ फेब्रुवारी

ती गाडीत बसली असेल. सोबत डिंकाचे लाडू घेईन म्हणाली होती. देवा, तिची गाडी चुकू दे.

२२ फेब्रुवारी, सकाळ

टांगा थांबला.

ती टांगेवाल्याला सांगते आहे, किती सुरेख घर— दारात तोरणसुद्धा— तिला दार दिसते आहे!

ओरडलो तर ती आत धावेल. गप्प बसायचे. तिने हाक मारली तरी गप्प. घरी कुणी नाही असे वाटून ती शाळेत जाईल, रामराव तिला परत पाठवतील. धोतराचा सोगा तोंडात कोंबला आहे.

वच्छलाबाईंचा आवाज. "आत जाऊ नको बाई, वापस जाय, पोटुशी हायेस तू—" शैलजा थांबली. थांबली! टांग्याकडे परत— जा, शैलू, जा—

पुढच्या खोलीत कुणीतरी खाकरले. माझे खाकरणे. मी इथे आहे, तोंडात बोळा आहे, आणि तिथून माझा आवाज तिला शैलू म्हणतो आहे. उन्हात काय उभी राहिलीस, म्हणतो आहे. दार उघडेच आहे म्हणतो—

ती हसली. बांगड्या वाजल्या— चपला काढते आहे— शैलू, तो मी नाही, तो मी ना