गुलाबी साबणदाणी आणि बिनघराचा थांबा

बिश्केक,
४ मे २०१२

चि. सौ. जुमागुल हिस,
अ. आ., वि. वि.

तुझं पत्र आणि कुरूतची पिशवी, दोन्ही पोचलं. कुरूतचे ते खारट, वाळक्या दह्याचे गोळे संपले. पत्र अजून उशाशी आहे. एल्दियार म्हणतो, आई, फोन करत जा मावशीला. पण फोनवर तू बरी आहेस ना, बरी आहेस ना एवढंच ओरडतेस आणि उत्तर तुझ्या गल्लीतून येतं. आपली पत्रंच बरी.

तुझ्या भाच्याच्या उद्योगाची बातमी अशी की आमची गॅलरी मोकळी झाली. गाडी कुठे आहे हे उपग्रहाला विचारून सांगणारं ते यंत्र आतापर्यंत माझ्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये बसून तयार व्हायचं. आता समोरच्या बंद पडलेल्या शिवणशाळेतली एक खोली घेतली आहे आणि तीन माणसं कामाला आहेत. यंत्राला डबी म्हणून तो दोर्दोय बाजारातून प्लास्टिकच्या साबणदाण्या आणतो. गुलाबीच आणतो, कारण गुलाबी कोणी घेत नाही म्हणून स्वस्त मिळतात. दुकानदार त्याला देशातला सर्वांत स्वच्छ माणूस समजतो.

आता खरी बातमी. नारिनच्या डेअरीने अकरा दूधगाड्यांवर ही यंत्रं बसवून बघायचं ठरवलं आहे. पटलं तर साठ गाड्या. नाही पटलं तर तिघांना घरी पाठवून पुन्हा बरण्यांमध्ये. त्या अकरांत तुझ्या शाबदानची गाडी आहे! पडद्यावर ठिपके बघायला एल्दियारने मला बसवलं आहे. चौतीस वर्षं भूगोल शिकवला, पण माझा नकाशा कधी हलला नव्हता.

शाबदानला म्हणावं, बायकोची थोरली बहीण, एजे, बघते आहे, नीट वाग. तुमच्या लग्नात त्याने ट्रॅक्टर तळ्यात घातला होता ते मी विसरलेले नाही. तू पाठवलेल्या फोटोत त्याचं टक्कल पाहिलं. आपल्यातच ठेव, पण थेट आपल्या घरचा समोवार.

पत्र नेहमीप्रमाणे नारिनच्या व्हॅनवाल्याकडे देते. तो डेअरीच्या फाटकात शाबदानच्या हाती ठेवील. लोभ आहे तेवढा पुरे, कुरूत मात्र वाढव.

तुझी,
कालीपा एजे


आक-मुझ, अत-बाशी,
१३ मे २०१२

ती. कालीपा एजे हिस,
कृ. सलाम, वि. वि.

इकडे सर्व कुशल, फक्त शाबदान फुगला आहे. यंत्र बसवायला आलेल्या मुलीने गुलाबी साबणदाणी गाडीच्या पुढच्या खणात बसवली आणि ही आता तुमच्याकडे लक्ष ठेवील असं हसत सांगितलं. त्यावर हा म्हणाला, माझ्याकडे लक्ष ठेवायला घरात एक आहे, ती कमी पडते का? बाकीचे ड्रायव्हरही भडकले आहेत. दोघांनी आपापली यंत्रं उपटून कोंबड्यांच्या खुराड्यात टाकली.

आणखी एक गंमत. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून हा समोवारमधला चहा पीत नाही. किटलीतला दे म्हणतो. कारण विचारलं तर डोक्यावर टोपी ओढून बाहेर गेला. घरातसुद्धा टोपी घालून बसतो. तब्येत तर बिघडली नसेल ना?

परवा मी त्याला अंगणात बोकडाच्या गळ्याशी काहीतरी बांधताना पाहिलं. घंटा बांधतोय म्हणाला. घंटा गुलाबी होती.

माया कमी करू नकोस आणि एल्दियारला जेवायला विसरू देऊ नकोस.

तुझी,
जुमागुल


बिश्केक,
२४ मे २०१२

चि. सौ. जुमागुल हिस,
अ. आ., वि. वि.

बोकडाचं रहस्य तुझं पत्र यायच्या आधीच मला दिसलं होतं. अकरा तारखेला सकाळी शाबदानची दूधगाडी ताशी चार किलोमीटर वेगाने सरळ कड्यावर चढली. वर जाऊन अर्धा तास उभी राहिली. मग ओढ्यात उतरली. मी एल्दियारला हाक मारली, तो पळत आला आणि डोक्याला हात लावून बसला. इतक्यात डेअरीच्या व्यवस्थापक मैरमबाईंचा फोन. त्याही नारिनमध्ये तोच पडदा बघत होत्या. त्यांनी फार शांतपणे विचारलं की गाडी कड्यावर आहे ते ठीक, पण दूध कुठे आहे?

शाबदानने साबणदाणी परत खणात ठेवली हे चांगलं केलं. पण आता खरी गाडी दिसायला लागली आणि पंचाईत वाढली. पंचेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यात एकोणीस थांबे! दूध फक्त सात ठिकाणी घ्यायचं असतं. मैरमबाई म्हणतात, बाराव्या थांब्यापर्यंत दुधाचं दही होतं, मी कारखाना दुधाचा चालवते. त्यांनी त्याला कामावरून काढायचं बोलून दाखवलं. तुझा नवरा गेला तर बाकीचे ड्रायव्हर यंत्रं ठेवणार नाहीत, म्हणजे एल्दियारची साठ गाड्यांची मागणीही गेली.

त्यातला एक थांबा तर कुणालाच कळत नाही. दगडी पुलापलीकडे नुसता माळ आहे. ना घर, ना झाड. तिथे बारा मिनिटं. रोज नाही, अधूनमधून, कधी जाताना, कधी येताना. मैरमबाईंना वाटतं, तो तिथे साय विकतो. त्याला विचार आणि मला लगेच कळव.

राग मानू नकोस, काळजीने लिहिते.

तुझी,
कालीपा एजे


आक-मुझ,
२ जून २०१२

ती. कालीपा एजे हिस,
कृ. सलाम, वि. वि.

तुझ्या शहराला झालंय तरी काय? फाटकात म्हातारी नान धरून उभी असताना तिच्यासमोरून गाडी कशी न्यायची? तुकडा तोडायचा, तोंडात टाकायचा, आशीर्वाद घ्यायचा आणि निघायचं. हे तूही करायचीस. ओढ्याकाठची बुबुश आजी तर ब्याण्णव वर्षांची आहे. शाबदान न थांबता गेला तर ती त्याच्या मागे धावेल, आणि धावली तर पडेल, आणि पडली तर तिचा मुलगा मैरमबाईंच्या दारात जाऊन बसेल. हे त्या साबणदाणीला कुणी सांगितलं का?

मात्र बिनघराच्या थांब्याचं मला समजत नाही. काल संध्याकाळी घरात शिरता शिरताच, तुझं पत्र माझ्या हातात द्यायच्या आधीच, हा म्हणाला की तिथे इंजिन तापतं म्हणून थांबतो. मला कळेना, तिथे म्हणजे कुठे? मग पत्र वाचलं. पुलाच्या अलीकडे ती कुरूत विकणारी विधवा राहते. चांगली उंच आहे. मी त्याला सरळ विचारलं तर आधी हसला, मग हसल्याने मला राग येईल असं वाटून टोपी ओढून गोठ्यात गेला.

एजे, त्याची नोकरी जाऊ देऊ नकोस. पैशांसाठी म्हणत नाही, गाई आहेत. पण परवा सुट्टीच्या दिवशी तो घरी होता आणि कणीक कशी मळावी हे त्याने मला दोन तास समजावलं. रोज घरी बसला तर माझ्या हातून काहीतरी होईल.

तुझी पोटभर माया हवी असलेली,
जुमागुल


बिश्केक,
१४ जून २०१२

चि. सौ. जुमागुल हिस,
अ. आ., वि. वि.

बुबुश आजीने कंपनी वाचवली असं समज. तुझं पत्र मी एल्दियारला वाचून दाखवलं. तो रात्रीचं जेवण सोडून उठला आणि दोन दिवस शिवणशाळेतच होता. आता यंत्रात नानची मिनिटं आहेत. फाटकापाशी गाडी चार मिनिटं थांबली तर पडद्यावर काहीच उमटत नाही. पाचव्या मिनिटाला साबणदाणी शिट्टी मारते, म्हणजे म्हातारीलाही कळतं की आता सोडायचं. मैरमबाईंनी स्वतः आपल्या आईच्या फाटकात उभं राहून मोजलं. आई चार मिनिटांत आटपते, वडील नाही, असं त्यांचं मत पडलं. खुराड्यातली दोन्ही यंत्रं परत आली. एकावर कोंबडी अंडी घालून बसली होती, पण चालतं आहे. ओशच्या एका खरबूजवाल्याने नुसत्या शिट्टीसाठी वीस मागवली. आता खोल्या दोन आणि माणसं नऊ.

उरला तो बिनघराचा थांबा. मैरमबाई त्याबाबत हलायला तयार नाहीत. महिनाअखेरपर्यंत खुलासा नाही तर शाबदान घरी आणि साठ गाड्यांचा करारही नाही. लबाडी दिसूनही थांबत नसेल तर यंत्र घ्यायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुला मागायला आले तेव्हा आपल्या वडिलांना शाबदान नको होता. ट्रॅक्टरवाला म्हणाले. मी म्हटलं, बाबा, तो रस्त्यातल्या प्रत्येक म्हातारीसाठी थांबतो, आपल्या जुमागुलला कधी मागे टाकून जाणार नाही. त्यावर ते हो म्हणाले. म्हणून मला त्या माळावर साय विकणारा माणूस दिसत नाही. पण दिसतं तरी काय? त्याला मी हे म्हटल्याचं बोलू नकोस, शेफारेल.

जिवापाड,
कालीपा एजे


आक-मुझ,
२३ जून २०१२

कालीपा एजेंना शाबदानचा सलाम.

माझं अक्षर वाईट आहे. सातवीनंतर मी ट्रॅक्टरवर बसलो ते तुम्हाला माहीत आहे, तळ्याचंही माहीत आहे.

एजे, मी पत्रं वाचतो. तुमची येतात ती, आणि हिची जातात ती. सगळी. अकरा वर्षं. पुलापलीकडे वारा लागत नाही आणि घरातून दिसत नाही. दोन पानांना मला बारा मिनिटं लागतात. इंजिन तापतं हे मी खोटं बोललो नाही. रेडिएटरच्या वाफेवर पाकीट छान सुटतं, परत चिकटतंही.

का वाचतो ते सांगतो. ही माझ्याशी बोलते तेव्हा मीठ आण, दार लाव असं बोलते. मीही गाय व्यायली एवढंच सांगतो. तुम्हाला लिहिते तेव्हा ही हसते, चिडते, मला काहीबाही म्हणते. माझ्या बायकोला एवढं बोलता येतं हे मला त्या माळावर कळलं. वाचून घरी गेलो की मी तिच्याशी जरा बरा वागतो. तिला वाटतं, पत्र आलं म्हणून ती खूश असते आणि म्हणून मी बरा दिसतो.

समोवारचं वाईट वाटलं होतं. आता नाही. मागच्या पत्राला मला बारा नाही, एकवीस मिनिटं लागली. पडद्यावर दिसलं असेल. वरची नऊ मिनिटं मी वाचत नव्हतो.

तिला काल सगळं सांगितलं. तिने लाटणं घेतलं, मग तेच लाटणं हातात धरून इतकी हसली की बसावं लागलं. मग विचारलं, त्या विधवेचं पत्र येत नाही ना? हे पत्र मैरमबाईंना दाखवा. साय मी कधी विकली नाही. एकदा खाल्ली.

शाबदान


बिश्केक,
२ जुलै २०१२

चि. सौ. जुमागुल आणि चि. शाबदान यांस,
अ. आ., वि. वि.

मी स्वतः नारिनला जाऊन आले. जुमागुल, तुझी सगळी पत्रं, शाबदानचं पत्र, माझ्या पत्रांच्या कच्च्या प्रती आणि थांब्यांची यादी मैरमबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक तारीख जुळवली. पत्र नाही, थांबा नाही. पत्र आहे, बारा मिनिटं आहेत, एकदाच एकवीस. मग म्हणाल्या, ठेवून जा, बघते. मी बाहेर बाकावर बसले. आतून हसण्याचा आवाज यायला लागला तो तासभर थांबला नाही. तीन जणी दार उघडून काय झालं ते बघून गेल्या आणि आतच राहिल्या. शेवटी मैरमबाई डोळे पुसत बाहेर आल्या. शाबदानची नोकरी राहिली, साठ गाड्यांच्या करारावर सही झाली, आणि त्यांना एकच विचारायचं होतं, बोकड कसा आहे?

एल्दियारने अख्खी शिवणशाळा घेतली. एकतीस माणसं होतील. आता डब्या साच्यातून येणार आहेत, काळ्या, गंभीर काढायचं ठरलं होतं. ड्रायव्हर मात्र गुलाबीच मागतात, म्हणून साच्यात गुलाबी प्लास्टिकच घालायचं ठरलं. साबणदाणीवाला रडवेला झाला, त्याला कारखान्यात भांडारावर ठेवून घेतलं.

पुलापलीकडच्या माळाला आता नकाशावर नाव आहे. एल्दियारने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, टपाल कार्यालय, वेळ बारा मिनिटं. तिथे शिट्टी वाजणार नाही.

परवा दुपारी मी चहा घेऊन पडद्यासमोर बसेन. हिरवा ठिपका पूल ओलांडेल आणि थांबेल. मला कळेल की शाबदान हे वाचतो आहे. तू फाटकात रस्त्याकडे बघत असशील. तेवढा वेळ आपण तिघं एकाच पानावर असू.

शाबदान, अक्षर मोठं काढलं आहे, घाई करू नकोस. आणि पाकीट या वेळी चिकटवलेलं नाही. रेडिएटर थंड होऊ दे.

दोघांची,
कालीपा एजे