तानुबाईचा डावा पाय

॥ श्री ॥
वडगाव रासाई, ता. ९ जानेवारी २००३

चि. हर्षदा नातीस तुझी आजी तानुबाई हिचा पोटभर आशीर्वाद वि. वि.

आम्ही समदी बरी हावोत. म्हैस व्याली, रेडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका हाय. तर कामाचं. तुझ्या बापानं, संपतनं, लिलावात घेतलेली जुनी परदेशी जीप बंद पडली, ती तुझ्याकडं दौंडला ईश्वर मिस्तरीकडं ओढून नेलीय. संपत म्हणतो, तिचा आपोआप पडणारा गिअर काढून ट्रॅक्टरसारखा हातानं टाकायचा बसवू, क्लचसकट. तू जाऊन त्यास्नी थांबीव.

दिवाळीत तू मला ती चालवायला शिकवलंस, तवापास्नं मळ्यातली मेथी वस्तीवर मीच आणती. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला, आता बसून चालती. उजवा पाय पळवतो, त्योच थांबवतो. डावा गुडघा धरलेला, त्यो पाहुण्यावानी नुसता बसून ऱ्हातो. शेजारची अनसाबाई दिसली की उगंच हॉर्न वाजवती, ती बिचारी बांधावर चढती. क्लच डाव्या पायाचा, त्यो आला की माझी गाडी गेली. संपत म्हणतो, बरं झालं, आई घरात तरी बसंल.

दुसरीतनं शाळा सोडलेल्या बाईचं अक्षर हाय, माया तेवढी वाचून घे.
तुझी आजी

दौंड, ता. १६ जानेवारी

ती. आजीस हर्षदाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मिस्तरींकडं जाऊन आले. गिअरबॉक्सचा आतून चुरा झालाय, पार्ट कुठंच मिळत नाहीत. हाताचा बसवायचा, नाहीतर गाडी भंगारात. म्हणून बसवा असं मीच सांगितलं, राग माझ्यावर काढ. चालवणारी आजी आहे म्हटल्यावर ते आधी हसले, मग क्लच होईल तेवढा हलका करतो म्हणाले.

क्लच पटकन दाबायचा, पण सोडायचा सावकाश, भरलेली चरवी म्हशीखालून काढतेस तसा. तोवर उशीवर सराव कर. आणि अनसाबाईंना जरा बांधावरनं उतरू दे.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी हर्षदा

वडगाव रासाई, ता. ११ फेब्रुवारी

चि. हर्षदास आजीचा, आता डायवर म्हण, आशीर्वाद वि. वि.

उशी दाबताना अनसाबाईनं बघितलं आन् पायात वात आला का म्हणून तेल घेऊन आली. गाडी आली तवा मी बसले. क्लच सोडला की गाडी करडावानी उडी मारायची आन् बंद. सावकाश सोडणं या पायाला जमंनाच. संपतनं चावी काढून कनवटीला लावली. मी दोन दिस भाकरी करपवल्या, मुद्दाम न्हाई.

काल मळ्यात मेथी भरली आन् बॅटरी बसली. त्या जुन्या आपोआप गिअरात ढकलून गाडी चालू व्हत नव्हती म्हणं, आता व्हती. पर ढकलायला संपत आन् अनसाबाईच. अनसाबाईला गाडी येत न्हाई, मग आत बसणार कोण? तोंड वाकडं करून त्यानं मलाच बसवलं. म्हणाला, दुसरा गिअर, क्लच दाबून धर, वराडलो की झटक्यात सोड.

झटक्यात सोडणं तर माझं ठरलेलंच. सोडला, गाडी चालू. आता थांबले तर परत बंद पडंल म्हणून थांबलेच न्हाई. दोघं मागं पळत्यात, मी पुढं. वस्तीवर कडब्याच्या गंजीला नाक लावून गाडी उभी केली.

संपत धापा टाकत आला, म्हणाला सरक तिकडं. मी म्हणाले, तूच बस तिकडनं. त्यो शेजारी बसला आन् म्हणाला, घे मागं. मागं घ्यायला तू शिकवलंच न्हाईस, हे काय त्याला सांगितलं न्हाई. गंजीकडं बघत तशीच बसले, झोकात.

सुट्टी मिळंल तशी ये.
तुझी आजी