साडूच्या विमानामागची हवा

सोलापूर,
२३ फेब्रुवारी १९७५

तीर्थस्वरूप सिद्धलिंगप्पा मामांना गुरुबसप्पाचा पाया पडून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सारे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून सारे. माझ्या अंगातले काटे अजून निघताहेत. अक्कलकोटात तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल, म्हणून खरं काय ते मीच कळवतो.

माझे साडू बसलिंगप्पा मोठं विमान चालवतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. (आमच्या सासऱ्यांनी ते कुणाला सांगायचं ठेवलंय?) मीही वैमानिकच, पण माझं विमान एका माणसाचं, उसावर औषध फवारायचं. माळशिरसकडे दिवसभर शेंड्यांवरून घिरट्या घालून आलो की माझ्या कपड्यांना औषधाचा वास येतो. साडूंच्या कपड्यांना इस्त्री असते. सासरे, म्हणजे ईरप्पा, पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती 'हे धाकले जावई, फवारणीला असतात' अशी. जणू मी पाठीवर पंप अडकवून बांधाबांधानं हिंडतो.

तर परवा साडू कुठल्याशा कारखान्याच्या पाहुण्यांना घेऊन चाळीस माणसांचं विमान सोलापुरात उतरवणार होते. सासरे, सासूबाई आणि खुद्द माझी बायको शिवबाई हार घेऊन विमानतळावर हजर! (मी रोज उतरतो. मला घ्यायला कुत्रंसुद्धा फिरकत नाही.)

मी माळशिरसहून परतलो तेव्हा साडूंचं विमान नेमकं माझ्यापुढं उतरत होतं. तिथं रेडिओवर बसणारे चनमल्लप्पा म्हणाले, "गुरुबसप्पा, जरा वरच फिरा की. मोठ्याच्या मागं लगेच येऊ नका, हवा खवळलेली असती." मला राग आला. हवेतसुद्धा त्यांचाच मान! वारा पडलेला, आभाळ निरभ्र, मग हवेला खवळायला झालंय काय? शिवाय वरून मला तो हार दिसत होता. तो त्यांच्या गळ्यात पडायच्या आत आपण शेजारी जाऊन उभं राहावं, एवढंच डोक्यात. मी मागोमाग घुसलो.

मामा, धावपट्टी समोर आली आणि डावा पंख कुणीतरी हिसका देऊन खाली ओढावा तसा गेला. विमान वळवायचा दांडा उलट्या बाजूला दाबून धरला तरी विमान ऐकेना. जमीन कानाशी आली. शिवबाईचं हिरवं लुगडं मला आडवं दिसलं. त्या घटकेला साडू, हार, इस्त्री सगळं विसरलो. सकाळी तिच्याशी भांडून निघालो होतो, तेवढं आठवलं. मग हवेनंच विमानाला त्या ओढीतून बाहेर फेकलं, मी ते कसंबसं सरळ केलं आणि शेजारच्या करडईच्या रानात जाऊन आदळलो. चाक मोडलं. दार उघडून उतरायला गेलो तो थेट करडईत, तोंडावर. (काढणीला आलेली करडई काय असते ते तुम्हाला सांगायला नको.)

सगळ्यांच्या आधी धावत कोण आलं? साडू. इस्त्रीच्या विजारीनिशी, काट्यांतून. मला उठवलं, हातपाय चाचपले, पाणी पाजलं आणि समजावलं, की मोठ्या विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. ते दिसत नाहीत, मागं हळूहळू खाली बसत जातात आणि वारा पडला की तिथंच रेंगाळतात. लहानानं थांबावं, नाहीतर मोठ्याच्या वाटेच्या वरून येऊन, तो टेकला त्याच्या पुढं टेकावं. एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं!

तेवढ्यात सासरे धापा टाकत आले. "बसलिंगप्पा, तुमी होता म्हणून आमचं हे जावई वाचलं की!" म्हणाले आणि हातातला हार माझ्यादेखत त्यांच्या गळ्यात घातला. वाचलो मी, हार त्यांना. घरी शिवबाईनं रडत रडत माझे काटे उपटले. मला बरं वाटू लागलं होतं, तोच म्हणाली, "दाजींची विजार लई फाटली हो."

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. औषधं वेळेवर घ्या.

तुमचा भाचा,
गुरुबसप्पा

ता. क. साडूंच्या कंपनीत मोठ्या विमानांसाठी नवी माणसं घेणार आहेत. साडूंनी शब्द टाकला तर माझं काम होईल. पण मी माझ्या तोंडानं त्यांना विचारणार नाही. तुम्हीच आपणहून सुचल्यासारखं त्यांना लिहा. मी सांगितलंय असं मुळीच कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच साडू घरी आले. त्यांनी कालच आपल्या साहेबांना सांगितलंय म्हणे, की असल्या भोवऱ्यातून विमान सरळ करणारा गडी आपल्याला हवा. लवकरच बोलावणं येईल. तेव्हा तुम्ही काही लिहू नका. बघितलंत ना मामा, कसा माणूस आहे हा? मला मागूसुद्धा दिलं नाही.