रुहीचं गाव

अर्विंग, टेक्सास
१५ फेब्रुवारी २०२६

ती. आश्लेषाताईस,
मीनाक्षीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं म्हणशील. या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि रुहीचे कान अगदी आपल्या आईसारखे. म्हणून टाइप करून मेलवर पाठवतेय. तूही तसंच लिही. फॅमिली ग्रुपवर एक अक्षरही नको.

रुहीचं इथलं संपलं गं. सप्टेंबरात तिला एकवीस पूर्ण होतील. राजेशच्या कामाच्या व्हिसावर ती आजवर आमची मुलगी म्हणून राहत होती. त्या वाढदिवसापासून कायद्याच्या लेखी ती आमची कोणी नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही चौदा वर्षं उभे आहोत, पण रांग जागची हलत नाही. वकिलाने सुचवलं म्हणून विद्यार्थ्याचा व्हिसा मागितला होता, तोही नाकारला. कारण काय, तर तिच्या नावाने ग्रीन कार्डाचा अर्ज आहे, म्हणजे हिला इथेच राहायचंय, मग ही शिकायला आली असं कसं मानायचं? चार महिन्यांची असताना आणलेली पोर ती. शिकायला नाही, तर काय दरोडा घालायला आली होती?

आता राजेशने इंग्लंडमधलं एक विद्यापीठ शोधलंय. समुद्रकाठच्या थॉर्नहेवन नावाच्या गावात. इथल्या अडीच वर्षांतलं एक वर्ष ते मान्य करतील, बाकीचं पाण्यात. विद्यापीठ इवलंसं आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी माहितीपत्रक काढलंय, ते राजेशने छापून फ्रिजवर लावलं. सगळे शिक्षक मुलांना नावाने ओळखतात म्हणे, खिडकीतून समुद्र दिसतो, शनिवारी मोठ्या शहरातल्या इंडियन ग्रोसरीला बस जाते. राजेश हे सगळं स्थळ सांगून आल्यासारखं ऐकवतो, घर लहान पण माणसं चांगली, या चालीवर.

त्यात भारतातून येणाऱ्यांसाठी वेगळं पान आहे. कपडे धुण्याचं मशीन कसं लावायचं, थंडीत किती मोजे घालायचे, शिक्षकांना प्रश्न विचारलेले चालतात, घाबरू नका. रुहीने ते जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवलं. कुश खूप हसला, सोळा वर्षांचा आहे, त्याला काय. मग रुही म्हणाली की आपल्याबद्दल कुणीतरी इतका विचार केलाय हे बघून तिला भरून आलं, आणि ताट तसंच ठेवून उठली.

मोहनभावजींना नमस्कार. रागात लिहिलंय, तरी तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मीनाक्षी


प्रतापनगर, नागपूर
२२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मीनाक्षीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझ्या भावजींनाही वाचून दाखवलं, ते ग्रुपवर नाहीत, तेव्हा काळजी नको.

एक विचारू? पोरीला देशच नसल्यासारखं का लिहितेस तू? तिचा देश आहे की धडधाकट! तिचा पासपोर्ट इथला, जन्म इथला. थॉर्नहेवन की काय ते तुमच्या डोळ्यांपुढे आलं, पण नागपूर नाही आलं. वरची खोली रिकामी आहे, नवा कूलर आहे, कॉलेजं हवी तेवढी आहेत. समुद्र तेवढा नाही आमच्याकडे, त्याला माझा इलाज नाही. परक्या गावात परक्यांच्या हातचं खाण्यापेक्षा मावशीच्या हातचं खाल्लं तर काय बिघडेल? पण तुम्हाला इथे परत येणं म्हणजे नापास होणं वाटतं. खरं बोलले, राग मानू नकोस.

आणि रुही या घराला परकी नाही. याच घरात तिचं बारसं झालं. आईने आणि मी मिळून डिंकाचे लाडू केले होते, तू लपून खायचीस. मालिशवाली बाई अजून विचारते अमेरिकेची बाहुली कशी आहे म्हणून. तुझं बाळंतपण साऱ्या गल्लीत गाजलं होतं.

राजेशरावांना आशीर्वाद. मनात काही न ठेवता लिहीत जा, आम्हाला तुमच्याशिवाय आहे कोण?

तुझी,
ताई


अर्विंग
८ मार्च २०२६

ती. ताईस,
सा. न.

मनात काही ठेवू नको म्हणालीस, तर ऐक.

त्या लाडवांचं नाव माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस. तेव्हा इथलं हॉस्पिटल ठरलेलं होतं, डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, कंपनीचा विमा होता. तू दर रविवारी फोन करायचीस. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, लोक काय म्हणतील, आईला किती वाटतंय, तुला तिथे कोण न्हाऊमाखू घालणार. सातव्या महिन्यात मला तुम्ही विमानात बसायला लावलंत. अडीच महिने मी इथेच पाय पसरून बसले असते, तर रुही इथे जन्मली असती आणि आज तिला इथून हलवायची कुणाची छाती नव्हती. कुशच्या वेळी तुमच्यापैकी कुणी फोन केला नाही, कारण दुसऱ्या बाळंतपणाचं कौतुक नसतं. म्हणून तो इथे जन्मला, म्हणून तो या देशाचा. एका आईची दोन मुलं, एका टेबलावर जेवतात, आणि एकाला इथून काढून देतात. का, तर माझं माहेर हौशी होतं!

परवा रुहीला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. भारतीय पासपोर्ट, म्हणजे इंग्रजी येतं हे सिद्ध करा. निबंधाचा विषय होता, परदेशात राहताना येणाऱ्या अडचणी. तिला पैकीच्या पैकी मिळाले. राजेश पेढे आणायला निघाला होता, मी थांबवलं.

आणि नागपूरचं म्हणशील, तर ती तुझ्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली मुलगी आहे. पाहुणी म्हणून आली, पाहुणी म्हणून गेली. तिला रस्ता ओलांडतानाही तुझा हात लागायचा.

यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही. लोभाचं तूच बघ.

मीनाक्षी


नागपूर
२० मार्च २०२६

चि. सौ. मीनाक्षीस,
अनेक आशीर्वाद.

दहा दिवस उत्तर लिहिलं नाही. तुझे भावजी म्हणाले, जाऊ दे. पण आई आता नाही, आणि तिच्या माघारी तिच्या लाडवांना बोल लागलेला मला सहन होत नाही.

आई तर म्हणाली होती की इतक्या लांबचा प्रवास नको, तिकडेच होऊ दे. मीच येते म्हणाली होती, पासपोर्टसाठी फोटो काढून आली होती. मग एका शनिवारी मला राजेशरावांचा फोन आला. म्हणाले, ताई, तुम्ही तिला बोलावून घ्या, माझं ती ऐकत नाही. दोन वर्षांत आम्ही कायमचे परत येतोय, मूल तिकडेच जन्मू दे. इथे जन्मलं तर उगाच दुसऱ्या देशाचं होईल आणि मग जन्मभर कागदपत्रांची कटकट. अगदी हेच शब्द. मीनाक्षीला सांगू नका म्हणाले, तिला वाटेल मी तिला टाळतोय. म्हणून मी दर रविवारी फोन करत होते. जावयाचा शब्द, मोडायचा कसा?

मी बोलणार नव्हते. तू बोलायला लावलंस.

त्यांच्याशी भांडू नकोस. तेव्हा ते खरंच परत येणार होते. आम्हीही वरची खोली तुमच्यासाठीच बांधली.

आशीर्वाद आहेत, ते काही राग आला म्हणून परत घेता येत नाहीत.

ताई


अर्विंग
२० सप्टेंबर २०२६

ती. ताईस,
मीनाक्षीचा सा. न. वि. वि.

इतके महिने लिहिलं नाही, माफ कर. राजेशला विचारलं. तो हो म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही घरात फक्त कामापुरतं बोलतो, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला का, कुशला आणायला कोण जाणार, एवढंच. तुला जे बोलले ते मागे घेते. पण ज्याला बोलायला हवं होतं त्याला आता बोलवत नाही, कारण तो रोज रात्री रुहीच्या खोलीत जाऊन बसतो.

रुही पाच तारखेला गेली, वाढदिवसाच्या चार दिवस आधी. एअरपोर्टवर रडली नाही. कुश रडला.

आता एक काम आहे. डिसेंबरात तिला घरी यायचंय. त्यासाठी तिला पाहुण्यांचा व्हिसा लागेल, लंडनच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन. आणि पाहुणी म्हणून यायचं, तर आपलं घर अमेरिकेबाहेर आहे हे दाखवावं लागतं. तेव्हा वरची खोली रुहीची आहे, शिक्षण झाल्यावर ती तिथेच येणार आहे, असा कागद तुझ्या सहीने दे. मी तिच्याकडून रोज फोनवर पाठ करून घेतेय, घर कुठे विचारलं की नागपूर म्हणायचं. मार्चमध्ये तुला काय लिहिलं होतं ते मला आठवतंय. तरी मागतेय.

तुझ्या मायेवर आता माझा किती हक्क उरलाय, माहीत नाही. आहे असं धरून चालते.

तुझी,
मीनाक्षी


थॉर्नहेवन
२८ नोव्हेंबर २०२६

ती. आश्लेषामावशीस,
साष्टांग नमस्कार.

मराठीत पहिल्यांदाच एवढं मोठं लेटर लिहितेय. अर्विंगच्या संडे मराठी शाळेत शिकले होते तेवढंच येतं. चुका झाल्या तर हसू नकोस.

तू पाठवलेला कागद मिळाला. तू त्याच्याबरोबर खोलीचा फोटोही पाठवलास, नवीन पडदे लावलेस, टेबल ठेवलंस. मी तो फोटो खूप वेळ पाहिला. थँक यू, मावशी.

इथे सगळे चांगले आहेत. पत्रकात लिहिलं होतं ते खरं आहे, टीचर्स नावाने ओळखतात आणि समुद्र दिसतो. नवीन आलेल्या भारतीय मुलांना कॅम्पस दाखवायचं काम मला दिलंय. ती मला विचारतात, तू कुठली. मी नागपूर सांगते. लातूरची राधिका म्हणून एक मुलगी आहे, तिला माझं मराठी क्यूट वाटतं. तिला घरची इतकी आठवण येते की ती रोज रडते, आणि मी तिला समजावते. माझ्याकडे सगळे असं बघतात की हिला सवय आहे.

इंटरव्ह्यू मंगळवारी झाला. बाई छान होत्या. त्यांनी विचारलं, डिसेंबरमध्ये काय करणार. मी म्हणाले, भावाबरोबर राहणार, बाबांच्या हातचं ऑम्लेट खाणार. त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, तुझं घर कुठे आहे. मी अर्विंग म्हणाले. त्यांनी टाइप करणं थांबवलं आणि पुन्हा विचारलं, अगदी हळू, म्हणजे मला बदलता यावं म्हणून. तुझा कागद माझ्या हातात होता, मावशी. मी परत अर्विंगच म्हणाले.

व्हिसा मिळाला नाही. आता परत कधी मिळेल, वकीलकाका सांगू शकत नाहीत.

आईला वाटतंय की मी नागपूर सांगितलं आणि तरी त्यांनी नाही म्हटलं. ती त्यांना फोनवर खूप शिव्या देते, बाबा पण देतात. कुश म्हणाला की त्या रात्री दोघं किती दिवसांनी एकमेकांशी बोलले. म्हणून तू आई-बाबांना खरं सांगू नकोस.

मोहनकाकांना नमस्कार. तुझ्या खोलीला मी घर म्हटलं नाही, तरी माझ्यावर प्रेम कर.

तुझी,
रुही