प्रवाळाची प्रकृती ठीक आहे

१ मार्च १९६४, रविवार. अमरावती.
प्रवाळ आलं! बडनेऱ्याचे रेल्वे गार्ड ओमप्रकाश यांनी मुंबईहून आणलं. कोण्या कोळणीने खडकावरून काढून दिलेला मुठीएवढा दगड, त्यावर तपकिरी, मऊ जीव, बारीक बोटं हलवणारे. सोबत समुद्राचं पाणी, घासलेटच्या डब्यांत. डबे धुतले होते का, विचारलं. "धोये हैं ना साब, अच्छे से." पाण्यावर किंचित इंद्रधनुष्य दिसतं. समुद्राचाच रंग असावा.
इतकी वर्षं कॉलेजात पोरांना बाटल्यांतले मेलेले प्राणी दाखवतो आहे. झूऑलॉजीचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे बाटल्यांचा चौकीदार. आता बास. वऱ्हाडात जिवंत प्रवाळ पाळणारा पहिला माणूस, खुशालराव! एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षेला नागपूरहून एक्स्टर्नल परीक्षक येतील, त्यांना घरी आणून दाखवायचं. मग लेक्चररची जागा कुठे जाते?
बायको, जमुना, खाटेवरून पाहत होती. टायफॉईडने फार वाळली आहे बिचारी. म्हणाली, "हे खाते काय?" म्हटलं, ते माझ्यावर सोड.
(काय खातं ते पाहणे.)

४ मार्च, बुधवार.
टाकी मांडली. लोखंडी अँगल, चारी बाजूंनी काच. हवेची योजना माझी स्वतःची: मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि बारीक नळीतून ती पाण्यात सोडायची. बुडबुडे फर्स्ट क्लास. ट्यूब मात्र सारखी भरावी लागते. मी दिवसभर कॉलेजात. जमुना घरीच असते. डॉक्टरांनी तिला हलका व्यायाम सांगितलाच आहे.

११ मार्च, बुधवार.
जीवांनी बोटं आत घेतली आहेत. लाजाळू असतात.
शेजारच्या माणिकबाई येऊन गेल्या. "हे पोवळं लाल कधी होईन, भाऊजी? आमच्या पोरीच्या मंगळाले आंगठीत घालाचं होतं." त्यांना शास्त्र समजावलं. ऐकून घेतलं, आणि जाताना म्हणाल्या, वास येऊन राहिला. समुद्राला वास असतोच. वऱ्हाडातल्या माणसाला तो कसा कळणार?

२२ मार्च, रविवार.
ऊन भलतंच तापलं. पाणी झपाट्याने आटतं. आटतं तेवढं मिठाचं पाणी रोज घालतो. आटताना थोडं मीठही उडून जात असणारच. खारटपणा तपासायला आज बटाटा टाकला. थाटात तरंगला! जमुनाला बोलावून दाखवलं. तिने तो बटाटा धुऊन भाजीत घातला.
टाकीच्या कोपऱ्यांना गंज धरला आहे. हरकत नाही, प्रवाळाला लोह मिळेल.
रोज मिठाचं पाणी ढवळून थकलो आहे. पण सुरुवातीला सगळेच थकतात.

२ एप्रिल, गुरुवार.
जमुनाने चिखलदऱ्याचं काढलं. ताप होता तेव्हा मी म्हटलं होतं म्हणे, की बरी झालीस की उन्हाळाभर थंड हवेला नेतो. म्हटलं असेन. तापात माणसाला धीर द्यावा लागतो. पण आता प्रवाळ सोडून जाणार कसं? तिला म्हटलं, एक्स्टर्नल येऊन जाऊ दे, नंतर नक्की. ती उठून ट्यूब भरायला गेली. म्हणजे पटलं.
तिच्या खिडकीची वाळ्याची ताटी काढून टाकीजवळच्या खिडकीला लावली. टेबल फॅनही तिकडे नेला. जमुना डोक्यावर ओलं फडकं ठेवते. तेही थंडच असतं.

१० एप्रिल, शुक्रवार.
आनंदाची गोष्ट: प्रवाळ हिरवं होतं आहे. रंग धरतंय!
दुसरी गोष्ट: दुपारी पंप मारता मारता जमुना चक्कर येऊन पडली. माणिकबाईंनी तोंडावर पाणी मारलं. मी कॉलेजात होतो, माझा काय दोष? नेमक्या संध्याकाळच्या गाडीने अकोल्याहून सासूबाई आल्या लेकीला पाहायला. घरात पाऊल टाकलं आणि पंखा कुठे आहे ते पाहिलं. "जवाईबुवा, दगडाले वारा अन् माह्या पोरीले घाम? काहून?" दगड नाही, जीव आहे, असं सांगत होतो. त्या म्हणाल्या, "हे बी जीवच हाय न!"

११ एप्रिल, शनिवार.
सासूबाई सकाळीच जमुनाला अकोल्याला घेऊन गेल्या. जमुना भांडली नाही. निघताना ट्यूब तेवढी भरून ठेवली.
थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. दर रविवारी अकोल्याला जाऊन भेटून यायचं. ठरलं.

१५ एप्रिल, बुधवार.
रविवारी जाता आलं नाही. पंप कोण मारणार? दंड भरून आले आहेत. हे काम दिसतं तेवढं हलकं नाही. जमुनाने कधी सांगितलं का नाही?
पोळ्या जमत नाहीत. फुटाणे खातो आहे.

२३ एप्रिल, गुरुवार.
एक्स्टर्नल येऊन गेले. दारातच नाकाला रुमाल लावला. सर्दी असेल. चहा करायला गेलो तर साखरेचा डबा सापडेना, म्हणून पाणी दिलं. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं आणि चिमटा मागितला. दगड थोडा खरवडला. हिरवं निघून आलं, खाली पांढरं. म्हणाले, "शेवाळ आहे हो. प्रवाळ मरून महिना तरी झाला असेल." मी म्हटलं, सर, कालपर्यंत तर रंग चढत होता. त्यांनी चिमटा परत दिला. मग विचारलं, घरी कोणी नसतं का? मंडळी अकोल्याला आहेत, सांगितलं. "घेऊन या त्यांना," म्हणाले. लेक्चररच्या जागेचा विषय निघालाच नाही.
तसे ते मुळात किड्यांचे माणूस. प्रवाळातलं त्यांना कितपत कळणार?
तरी आज पंप मारला नाही. हात दुखत होते.

३ मे, रविवार. अकोला स्टेशन.
जमुनाला आणायला आलो होतो. गाडीत सगळा बेत ठरवला: परवाच चिखलदरा. टाकी काढून टाकली हे तिला आधी सांगायचं नाही, तिथे गेल्यावर सांगायचं.
ती अंगणात कडुनिंबाखाली गहू निवडत बसली होती. चेहरा भरला आहे. शेजारच्या बाईला काही सांगून मोठ्याने हसत होती. मला पाहून पदर सावरला आणि पाणी आणून दिलं. मी चिखलदऱ्याचा बेत सांगितला. निवडायचं न थांबवता तिने ऐकून घेतला. मग विचारलं, "तुमचं पोवळं कसं हाय?"
तोंडातून निघून गेलं: "ठीक आहे. आराम करून राहिलं."
ती म्हणाली, "मी बी आराम करून राहिली. तुमी जा. त्याले एकटं नका ठेवू."
सासरे जेवायला थांबा म्हणत होते. गाडीची वेळ झाली असं सांगून निघालो. जमुनाने भाकरी आणि ठेचा बांधून दिला. इथे बाकावर फडकं सोडून पाहिलं. एकट्यापुरतंच आहे.
पॅसेंजर लेट आहे म्हणतात. खाऊन घेतो.